नॉइज भरलेल्या सीटी स्कॅनमधून श्वासनलिकांचं झाड कसं काढायचं: अगदी नव्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची बरीच मुलंमुली हल्ली मेडिकल इमेजिंगवर प्रोजेक्ट घेतात, आणि छातीच्या सीटीमधून श्वासनलिका वेगळ्या काढणं हा विषय सोपा वाटतो म्हणून उचलतात, कारण हवा काळी दिसते, बाकी सगळं राखाडी नाहीतर पांढरं, मग काळं तेवढं उचललं की झालं. मी पण असंच समजून सुरुवात केली होती. पहिल्या आठवड्यात मुख्य श्वासनलिका आणि तिचे दोन फाटे एकदम मस्त आले, आणि पुढचे सहा महिने उरलेल्या बारीक फांद्यांमागे गेले. म्हणून हे लिहितेय. पायथॉन येतं आणि पायटॉर्चमध्ये एखादं छोटं मॉडेल ट्रेन केलंय एवढं मी धरून चाललेय, बाकी काही माहीत नसलं तरी चालेल.

आधी झाड समजून घ्या, मग कोड

श्वासनलिका म्हणजे उलटं टांगलेलं झाड. खोड वर गळ्यात, फांद्या खाली फुप्फुसात. मोठ्या माणसात खोडाची लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर आणि रुंदी दोन सेंटीमीटरच्या आसपास. छातीच्या मध्यावर ते दोन भागांत फुटतं, त्यात उजवी नळी जास्त रुंद, आखूड आणि जास्त उभी असते, लहान मुलांनी शेंगदाणा गिळताना ठसका लागून तो आत गेला तर बऱ्याचदा उजवीकडेच सापडतो तो त्यामुळेच. तिथून पुढे फाट्याला फाटे फुटत साधारण २३ पिढ्या होतात, असं १९६३ मध्ये एवाल्ड वाइबेलने मांडलेल्या मॉडेलमध्ये आहे. पण चांगल्या पातळ स्लाइसच्या सीटीतसुद्धा आपल्याला ढोबळमानाने सहा ते आठ पिढ्यांपर्यंतच दिसतं, त्यापुढच्या नळ्या एक-दोन मिलिमीटरच्याही खाली जातात आणि स्कॅनरच्या हाती लागत नाहीत. तेव्हा "पूर्ण झाड काढायचं" हे ध्येयच ठेवू नका, स्कॅनमध्ये जेवढं दिसतंय तेवढं काढायचं.

आता एक छोटा हिशोब, हा वहीत लिहून ठेवा कारण पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे. खोड १२ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद धरलं तर त्यात साधारण ३८ मिलिलिटर हवा मावते. २ मिलिमीटर रुंद आणि १ सेंटीमीटर लांब अशा एका बारीक फांदीत ०.०३ मिलिलिटर. म्हणजे एका खोडाच्या बरोबरीला यायला अशा १२०० फांद्या लागतील. मॉडेलच्या दृष्टीने खोड बरोबर आलं की जवळजवळ सगळे मार्क मिळाले, फांद्या आल्या काय न आल्या काय. डॉक्टरांना मात्र त्या फांद्याच हव्या असतात, ब्रॉन्कोस्कोपीची दुर्बीण फुप्फुसाच्या कडेच्या गाठीपर्यंत कुठल्या वाटेने न्यायची हे खोड बघून ठरत नाही.

नॉइज म्हणजे नक्की काय त्रास

सीटीमध्ये प्रत्येक व्हॉक्सेलला, म्हणजे त्रिमितीतल्या पिक्सेलला, हाऊन्सफिल्ड युनिटमध्ये एक आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००. श्वास भरून घेतलेलं निरोगी फुप्फुस साधारण उणे ८५० च्या आसपास. मोठ्या नळीत आतली हवा उणे १००० आणि भोवतीची भिंत बरीच वर, त्यामुळे कडा स्वच्छ दिसते. बारीक नळीत मात्र भिंतच एका व्हॉक्सेलपेक्षा पातळ असते, मग एकाच व्हॉक्सेलमध्ये थोडी हवा, थोडी भिंत, थोडं फुप्फुस असं सगळं मिसळतं आणि जो आकडा येतो तो शेजारच्या फुप्फुसासारखाच दिसायला लागतो. याला पार्शल व्हॉल्यूम म्हणतात. आता यावर ५० युनिटचा नॉइज, म्हणजे आकड्यांतली दाणेदार खालीवर, पडली की भिंतीत भोकं पडल्यासारखं होतं. जुनी पद्धत अशी की खोडात एक ठिपका ठेवायचा आणि शेजारचं काळं जोडत जायचं, रीजन ग्रोइंग म्हणतात तिला, ती नेमकी या भोकांतून बाहेर सांडते आणि अख्खं फुप्फुस श्वासनलिका म्हणून रंगवून मोकळी होते. सगळे लोक याला लीकेज म्हणतात, तुम्हीही हाच शब्द वापरा.

नॉइज कुठून येतो हेही बघा. एक्स-रेचा डोस कमी केला की नॉइज वाढतो, डोस निम्मा तर नॉइज साधारण १.४ पट, डोस पाव तर दुप्पट. स्लाइस पातळ केली तरी वाढतो. त्यात स्कॅनरवर शार्प कर्नल (चित्र बनवताना कडा किती तीव्र ठेवायच्या ते ठरवणारं सेटिंग) निवडला असेल तर कडा छान उठून दिसतात पण दाणे पण तेवढेच उठतात. म्हणजे बारीक फांदी दिसायला जे जे लागतं, पातळ स्लाइस, शार्प कर्नल, तेच नॉइज वाढवतं, आणि कॅन्सरच्या तपासणीसाठी मुद्दाम कमी डोसवर काढलेल्या स्कॅनमध्ये हे सगळं एकत्र येतं. खांद्यांच्या पातळीवर हाडांमुळे आडवे पट्टे येतात ते वेगळेच, आणि हृदयाशेजारी डाव्या बाजूला धडधडीमुळे भिंती दुहेरी दिसतात. हे दोन प्रकार नॉइज नाहीत, आर्टिफॅक्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उमटलेल्या खोट्या खुणा, आहेत, दाणे काढायच्या फिल्टरने ते जात नाहीत.

पायरी १: डेटा आणि त्यातली लेबलं

स्वतःच्या ओळखीच्या हॉस्पिटलमधून स्कॅन मागायच्या आधी सार्वजनिक डेटावर शिका. २००९ च्या एक्झॅक्ट या श्वासनलिका काढायच्या स्पर्धेत ४० स्कॅन होते, २० शिकायला आणि २० परीक्षेला, पंधरा अल्गोरिदम उतरले होते आणि त्यातला एकही सरासरी ७४ टक्क्यांपेक्षा जास्त लांबीचं झाड काढू शकला नाही. तो डीप लर्निंगच्या आधीचा काळ. २०२२ च्या एटीएम स्पर्धेत ५०० स्कॅन आले, त्यातले ३०० लेबलसकट (कुठला व्हॉक्सेल श्वासनलिकेचा हे माणसाने रंगवून दिलेलं) ट्रेनिंगसाठी, नव्या माणसाला सुरुवात करायला हे उत्तम. २०२३ ची एआयआयबी फायब्रोसिस झालेल्या (व्रण पडून कडक झालेल्या) फुप्फुसांवर होती, ते अवघड प्रकरण आहे, दुसऱ्या टप्प्याला घ्या.

डेटा उतरवला की लगेच ट्रेनिंग सुरू करू नका. थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप हे दोन्ही फुकट आहेत, त्यात किमान दहा स्कॅन उघडा, लेबल वर ठेवा आणि एकेक फांदी टोकापर्यंत पाठलाग करत जा. कंटाळवाणं आहे, पण या कामात मी सगळ्यात जास्त इथेच शिकले. दोन गोष्टी लक्षात येतील. एक म्हणजे लेबल करणाऱ्यानेही बऱ्याच बारीक फांद्या सोडलेल्या असतात, कारण माणूसच आहे आणि एका स्कॅनला कित्येक तास लागतात. त्यामुळे पुढे तुमच्या मॉडेलने जिथे जास्तीची फांदी दाखवली आणि स्कोअर खाली आला, तिथे मॉडेल बरोबर असू शकतं, आधी मूळ स्कॅनमध्ये जाऊन बघायचं. दुसरं म्हणजे कुठल्या लेबलमध्ये फक्त आतली पोकळी रंगवलीय आणि कुठे भिंत पण धरलीय हे वेगवेगळं असतं, दोन डेटासेट एकत्र करताना हे तपासलं नाही तर मॉडेलचा गोंधळ उडतो.

हॉस्पिटलचा डेटा मिळालाच तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि नावं काढून टाकणं या दोन्ही गोष्टी आधी, कोड नंतर. डायकॉम (स्कॅनर देतो ते स्वरूप) फाइलच्या हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, सगळं असतं, फाइलचं नाव बदललं म्हणजे ते गेलं असं होत नाही.

पायरी २: नॉइज मोजा

हे फार कमी जण करतात. प्रत्येक स्कॅनमध्ये खोडाच्या मधोमध, भिंतीपासून लांब, एक छोटा गोल घ्या आणि आतल्या आकड्यांचं सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. हवाच आहे, सरासरी उणे १००० च्या जवळ यायला हवी, आणि डेव्हिएशन म्हणजे तुमचा नॉइज. एक अडचण अशी की बऱ्याच स्कॅनमध्ये उणे १०२४ च्या खालचे आकडे कापलेले असतात, मग हवेतला नॉइज खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून असाच एक गोल महाधमनीत पण घ्या. एक्सेलमध्ये तक्ता करा: स्कॅन, स्लाइसची जाडी, कर्नल, नॉइज. पुढे निकाल वाईट आला की तो कुठल्या प्रकारच्या स्कॅनवर वाईट आला हे या तक्त्यावरून पाच मिनिटांत कळतं, नाहीतर नुसते अंदाज करत बसाल.

पायरी ३: तयारी

डायकॉमवरून निफ्टीत आणा (हे फाइलचं स्वरूप आहे, शेअर बाजारातलं निफ्टी नव्हे). आणताना रिस्केल स्लोप आणि इंटरसेप्ट लागलेत ना, म्हणजे आकडे खरंच हाऊन्सफिल्डमध्ये आहेत ना, हे खोडात बघून खात्री करा. सिंपल-आयटीके (निबेबलसारखीच स्कॅन वाचायची पायथॉन लायब्ररी) अ‍ॅरे देताना स्लाइसचा अक्ष पहिला देतं, निबेबल शेवटचा देतं, दोन्ही मिसळून वापरलं तर लेबल आडवं पडतं. असं झालेलं ओळखायचा उपाय एकच, चित्र काढून बघणं.

मग आकडे उणे १०२४ ते साधारण ६०० यात कापा आणि ० ते १ मध्ये आणा. फुप्फुसांभोवतीचा चौकोन कापून बाकीचं फेकून द्या, पण वरती खोड कापलं जाणार नाही हे बघा. रिझोल्यूशन मात्र कमी करू नका. मेमरी वाचवायला बरेच जण सगळं दीड-दोन मिलिमीटरला आणतात आणि तिथेच बारीक फांद्या मरतात, त्यातून लेबलला निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या व्हॉक्सेलचा आकडा उचलणं) लावलं की उरलेल्या तुटक तुटक होतात.

आणि आता महत्त्वाचं, गॉसियन ब्लर लावून नॉइज घालवायचा मोह. दाणे जातात हे खरं, पण दोन व्हॉक्सेल रुंद फांदी आणि दोन व्हॉक्सेलचा दाणा यात त्या फिल्टरला काही फरक कळत नाही, दोन्ही पुसतो. माझं मत असं की आधी काहीच पुसू नका, नॉइज सहन करायला मॉडेललाच शिकवा. डीनॉइज करायचंच असेल तर कडा जपणारा फिल्टर घ्या, आणि मूळ स्कॅन एक चॅनल, साफ केलेला दुसरा चॅनल असे दोन्ही मॉडेलला द्या, म्हणजे पुसलं गेलेलं परत बघायची सोय राहते. आणि जे ट्रेनिंगला केलं तेच टेस्टला, ट्रेनिंग मूळ स्कॅनवर आणि टेस्ट साफ केलेल्यावर असं चालत नाही.

पायरी ४: मॉडेल

यात फार वेळ घालवू नका. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट हे चित्रातला हवा तो भाग वेगळा काढणारं मॉडेल आलं, पुढच्या वर्षी त्याचं थ्रीडी रूप आलं, आणि आजही या कामाला तेच पुरतं. रोज नवीन आर्किटेक्चर येतं म्हणून भुलू नका. एकेक स्लाइस घेऊन टूडी मॉडेल चालवायचा विचारही सोडा, कारण एका स्लाइसमध्ये आडवी कापलेली बारीक नळी म्हणजे नुसता एक काळा ठिपका, तो नळी आहे की नॉइज हे वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये तो ठिपका पुढे सरकतोय का यावरूनच कळतं.

थ्रीडीचा प्रश्न मेमरीचा. ५१२ बाय ५१२ च्या ६०० स्लाइस म्हणजे १५.७ कोटी व्हॉक्सेल, पहिल्याच थरात ३२ चॅनल धरले तर त्या एका थराच्या आउटपुटलाच २० जीबी लागतात. म्हणून १२८ च्या घनाकृती तुकड्यांवर ट्रेन करायचं, तिथे तोच थर पाव जीबीत बसतो आणि कोलॅब किंवा कॅगलच्या फुकट जीपीयूवर काम होतं. तुकडे कुठूनही उचलू नका, रँडम उचलले तर बहुतेकांत एकही फांदी नसेल किंवा नुसतं खोड असेल. मी अर्धे तुकडे बारीक फांद्यांवर केंद्र धरून घेते, थोडे फुप्फुसात कुठेही, थोडे खोडाजवळ. फांदी बारीक आहे की नाही हे लेबलच्या डिस्टन्स ट्रान्सफॉर्मवरून (आतला प्रत्येक व्हॉक्सेल कडेपासून किती लांब ते सांगणारा नकाशा) कळतं.

एनएन-यूनेट (सेटिंग स्वतःच ठरवणारं तयार यू-नेट पॅकेज) वापरणार असाल, आणि पहिल्या बेसलाइनसाठी वापराच, तर एक खाचखळगा सांगते ज्यात माझे दोन आठवडे गेले. त्यात स्कॅनचा प्रकार सीटी असं लिहिलं की ते लेबलच्या आतल्या व्हॉक्सेलच्या आकड्यांवरून कापायची वरची-खालची मर्यादा ठरवतं. यकृत-मूत्रपिंडाला हे छान आहे. पण आपल्या लेबलच्या आत नुसती हवाच आहे, मग वरची मर्यादा फारच खाली येते, आणि भिंत, रक्तवाहिनी, गाठ सगळे एकाच आकड्याचे होऊन बसतात. स्वतः आकडे कापून द्या आणि सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन नको असं सांगा.

पायरी ५: लॉस आणि ऑगमेंटेशन

आता तो १२०० फांद्यांचा हिशोब आठवा. नुसता डाइस (मॉडेलचं उत्तर आणि लेबल एकमेकांवर किती बसतात त्याचं माप) लॉस दिला तर मॉडेल खोडावर खूश होऊन बसतं. पहिल्यांदा डाइस आणि क्रॉस एन्ट्रॉपी मिळून चालवा, बेसलाइन मिळेल. मग बारीक फांद्यांच्या व्हॉक्सेलना जास्त वजन द्या, किंवा २०२१ मध्ये आलेला सीएल-डाइस जोडा. त्याची कल्पना मला खूप आवडते: नळीची जाडी बाजूला ठेवून फक्त मधली रेघ काढायची, मॉडेलची रेघ खऱ्या मास्कच्या (रंगवलेल्या भागाच्या) आत आहे का आणि खरी रेघ मॉडेलच्या मास्कमध्ये आहे का एवढंच विचारायचं. मग १ सेंटीमीटरची बारीक फांदी आणि खोडाचा १ सेंटीमीटर दोन्हींची किंमत सारखी होते. पहिल्यापासून नका लावू, मॉडेल थोडं शिकल्यावर हळूहळू वाढवा, नाहीतर ट्रेनिंग डगमगतं.

ऑगमेंटेशनमध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या स्कॅनमध्ये मुद्दाम बदल करताना, नॉइज टाकायचा तर प्रत्येक व्हॉक्सेलला सुटा सुटा रँडम आकडा मिळवू नका. सीटीचा नॉइज तसा नसतो, कर्नलमुळे शेजारशेजारचे दाणे एकमेकांशी जोडलेले असतात, पुंजके दिसतात. सोपा उपाय म्हणजे रँडम नॉइज तयार करा, त्या नॉइजलाच थोडा ब्लर द्या (स्कॅनला नाही), आणि मग त्याची ताकद पायरी २ च्या तक्त्यातल्या आकड्यांइतकी करून मिळवा. माझ्या अनुभवात या एका बदलाने खराब स्कॅनवर जेवढा फरक पडला तेवढा मॉडेल बदलून कधी पडला नाही. सोबत थोडं फिरवणं, लहानमोठं करणं ठेवा.

ट्रेन आणि टेस्टची वाटणी पेशंटनुसार करा. एकाच पेशंटचा सॉफ्ट कर्नलचा स्कॅन इकडे आणि शार्पचा तिकडे गेला तर तुमचा स्कोअर खोटा आहे, झाड तेच आहे ना.

पायरी ६: तुकडे जोडणं आणि मोजणं

पूर्ण स्कॅनवर चालवताना तुकडे निम्मे एकमेकांवर येतील असे सरकवत न्या आणि कडेच्या उत्तरांना कमी वजन द्या, नाहीतर जोडाच्या जागी फांद्या तुटतात. मग सगळेजण सांगतात की सगळ्यात मोठा जोडलेला भाग ठेवा आणि बाकी टाका. करा, पण त्या आधी किती टाकताय ते बघा. नॉइजवाल्या स्कॅनमध्ये मध्येच एक-दोन व्हॉक्सेलची फट पडते आणि तिच्या पलीकडची अख्खी फांदी, पोटफांद्यांसकट, कचऱ्यात जाते. मॉडेलच्या ० ते १ मधल्या उत्तरावर दोन थ्रेशोल्ड लावा: ०.५ च्या वरचं पक्कं, आणि ०.३ च्या वरचं असेल पण पक्क्याला चिकटून असेल तर तेही ठेवायचं. बऱ्याच फटी एवढ्यानेच भरतात.

मोजताना डाइस एकटा कधीच देऊ नका. मास्कची मधली रेघ काढून एकूण लांबीच्या किती टक्के सापडली, एकूण फांद्यांपैकी किती सापडल्या, आणि किती चुकीचं रंगवलं, हे तीन आकडे सोबत हवेत. आणि ते नॉइजच्या गटांनुसार वेगळे, सगळ्यांची एकच सरासरी काढली तर स्वच्छ स्कॅन खराब स्कॅनची लाज झाकतात.

लीकेज पकडायला एक नियम खूप जण वापरतात, की पोटफांदी मूळ फांदीपेक्षा जाड निघाली तर काहीतरी सांडलंय. निरोगी फुप्फुसाला ठीक आहे. पण ब्रॉन्किएक्टेसिस नावाच्या आजारात नळ्या कायमच्या रुंदावतात, टोकाकडे निमुळत्या होतच नाहीत, आणि एरवी फुप्फुसाच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत कुठलीही नळी दिसायला नको तिथेही दिसतात. आपल्याकडे क्षयरोग होऊन गेलेल्या लोकांत हे भरपूर आढळतं. म्हणजे तुमचा साफसफाईचा नियम नेमकी आजारी फांदी उडवतो, जिच्यासाठी स्कॅन काढला होता ती. हे मला माझ्या ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, "ही का कापलीस गं?" एवढंच विचारलं, आणि मी तो नियम काढून टाकला. आता अशा फांद्या मी आपोआप कापत नाही, वेगळ्या रंगात दाखवते आणि ठरवायचं डॉक्टरांवर सोडते.

म्हणून टेस्टसेटमध्ये सुरुवातीपासूनच असे पाच-दहा स्कॅन बाजूला ठेवा: क्षयरोगानंतरची व्रणवाली फुप्फुसं, एम्फिसीमावाली (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होण्याचा आजार) जिथे फुप्फुसच उणे ९५० च्या खाली जाऊन हवेसारखं दिसतं, आणि एखादा असा जिथे वरच्या खंडाची नळी थेट खोडातूनच फुटते. रेडिओलॉजिस्टना दाखवताना नुसतं फिरणारं थ्रीडी झाड नेऊ नका, ते कितीही देखणं असलं तरी त्यातून चूक दिसत नाही. मूळ स्कॅनच्या तिन्ही दिशांच्या स्लाइस, त्यावर मास्कची फक्त बाहेरची रेघ, आणि एका कळीवर ती रेघ लपवता आली पाहिजे, म्हणजे खालचं चित्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं.